मुरुडच्या रस्त्यावरचा ऑर्फियस

मुरुड, जि. लातूर
९ नोव्हेंबर २०२४

चि. अपूर्वा,

भुजंगमामाचे अनेक आशीर्वाद. पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. जी जायची होती ती गेलीच आहे.

फोन का केला नाही म्हणशील. माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. एसटीच्या इंजिनाशेजारी बसून जन्म काढला, कान तिथेच ठेवून आलो. फोन आला की स्पीकर लावावा लागतो आणि मग मामा-भाचीचं बोलणं अख्ख्या गल्लीला कळतं. उज्वला सून म्हणून गुणाची आहे, पण माझ्या वाटणीचं ऐकूही तिलाच येतं. म्हणून हे पोस्टाने. दयानंद हसला. म्हणाला, "आबा, आता कोण लिवतंय पत्र?" म्हटलं, ज्याला ऐकू येत न्हाई त्यो लिवतो.

आता मुद्द्याचं. तुझी मामी दसऱ्याच्या आठवड्यात गेली तेव्हा तू घरी होतीस, पण आपल्याकडे बायकांना स्मशानात नेत नाहीत, त्यामुळे तिथलं तुला ठाऊक नाही. दयानंदने अग्नी दिला. ओढ्याकाठच्या लिंबाखाली बसून सगळ्यांनी पाला चावला. निघताना शेजारच्या व्यंकटरावांनी बजावलं, "आता कुणी मागं वळून बघायचं न्हाई." रीत मला काय ठाऊक नव्हती? पण पाय उचलला आणि मान आपोआप मागे गेली. एवढी वर्षं मागे बघितल्याशिवाय गाडी हलवली नाही. कुणी चढायचं राहिलं का, दाराला कुणी लटकलंय का. तशीच मान गेली. जाळ दिसला, दुसरं काही नाही.

त्या दिवसापासून तुझी मामी, सिंधु, माझ्या मागे चालते.

आपल्यात सांगतातच, वळून बघितलं की जाणारा जीव अडकतो आणि बघणाऱ्याच्या मागे लागतो. संध्याकाळी पाय मोकळे करायला ओढ्याकडे जातो. परत निघालो की मागून पावलं येतात. दुखण्यात ती पलंगापासून मोरीपर्यंत जशी भिंतीला धरून पाय ओढत जायची, तशीच. अपू, समोरच्या घरच्या लग्नातला डीजे मला ऐकू आला नाही. ही पावलं ऐकू येतात.

मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. तू ते ग्रीक लोकांच्या मेल्या-जित्या माणसांच्या गोष्टींचं शिकतेस असं तुझी आई सांगत होती. त्यांच्यात असं कुणी वळून बघितलं होतं का? पुढे त्याने काय केलं? काही उतारा असेल तर कळव. आईला मात्र बोलू नको. ती मला लगेच भोकरच्या त्या महाराजाकडे नेऊन बसवेल.

तुझा,
भुजंगमामा


नांदेड
१८ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार. तुमचं पत्र शाळेतच वाचलं. चित्रकलेच्या तासाला पोरांना मडकं काढायला सांगितलं होतं. त्यांनी मडकी काढली आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले. मामीची आठवण इथे रोज येते. पण आठवण येणं वेगळं आणि तुम्ही लिहिलंत ते वेगळं.

तुम्ही विचारलंत, त्यांच्यात कुणी वळून बघितलं होतं का. मामा, चित्रकलेच्या एम.ए.साठी मी ज्या माणसावर प्रबंध लिहिते आहे, त्याचा सगळा घात तेवढ्यानेच झाला.

त्याचं नाव ऑर्फियस. गाणारा. हातात वीणेसारखं वाद्य. तो गायला लागला की रानातली जनावरं चरायचं विसरायची. त्याची बायको युरिडिसी लग्नानंतर लगेच साप चावून मेली. हा पठ्ठ्या तिला आणायला थेट पाताळात गेला आणि असा गायला की मेलेल्यांच्या राजालाही पाझर फुटला. राजा म्हणाला, ने तिला. तू पुढे चालायचं, ती तुझ्या मागून येईल. उजेडात पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. तो निघाला. मागे पावलांचा आवाज नाही, श्वास नाही. अगदी तोंडाशी आल्यावर त्याला राहवलं नाही. वळला. ती तिथेच होती, आणि बघता बघता मागे ओढली गेली. कायमची.

युरोपातल्या चित्रकारांना ही गोष्ट शेकडो वर्षं सुटलेली नाही. तिकडे धर्म बदलला, तरी राजवाड्यांच्या भिंतींवर आणि छतांवर हे जुने ग्रीक देव बसलेलेच. आपल्याकडे नवस फिटला म्हणून कुणी देव्हाऱ्यातला देव उचलत नाही, तसंच. माझे सर चिडवतात, "नांदेडात बसून युरोपची चित्रं म्हणजे फोटो बघून पुरणपोळीची चव सांगणं." खरं आहे. मूळ चित्र मी एकही बघितलेलं नाही. सगळा अभ्यास लॅपटॉपवर आणि वजिराबादच्या झेरॉक्सवाल्याच्या रंगीत प्रिंटांवर. त्यातली एक सोबत पाठवते. धुकं भरलेलं हिरवट रान, तो पुढे, वाद्य उंच धरलेलं, दुसऱ्या हाताने तिला घेऊन निघालाय. पाण्यापलीकडे पुसटशी दिसतात ती मेलेली माणसं.

उतारा त्यांच्याकडेही नाही. पण एवढं कळतं, की वळून बघणारे तुम्ही पहिले नाही. वळून बघतो तो माणूसच. जीव लावला होता म्हणून मान वळली, यात पाप कसलं? लातूरला कानांच्या डॉक्टरांना मात्र दाखवा. ऐकू कमी येणाऱ्यांना कधीकधी नसलेले आवाज येतात, असं मी वाचलंय. आणि वेळेवर जेवा.

तुमची,
अपू


मुरुड
१ डिसेंबर

चि. अपू,

तुझी गोष्ट वाचल्यावर फार दिवसांनी पोटभर जेवलो.

साप चावून मेली म्हणतेस. सिंधु असती तर हसून लोळली असती. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हापासून म्हणायची, "मला ह्यो भुजंग चावलाय, आता दुसरा कोण चावायचा?" चित्र उशाशी ठेवलंय. उज्वलाला वाटलं म्हाताऱ्याने उघड्या बायांचं काहीतरी मागवलं, तिने तोंड फिरवलं. तिला म्हटलं, नीट बघ, अंगभर नेसलीय.

आता मी काय विचार केला ते ऐक. आपली रीत म्हणते, वळून बघितलं की मेलेलं माणूस मागे लागतं. त्यांची रीत म्हणते, वळून नाही बघितलं तर मागचं माणूस घरापर्यंत येतं. लोक म्हणतील या दोन रीती एकमेकींच्या उलट आहेत. उलट कशा? एक संपते तिथून दुसरी चालू होते! आपल्या रीतीने ती माझ्या मागे लागलीच आहे. चुकून का होईना, पहिलं काम झालं. आता त्यांच्या रीतीने तिला घरी आणायची. त्या गाणाऱ्याला पाताळात जावं लागलं. मला तर नुसतं ओढ्यापर्यंत जायचंय.

तो नवीन पोरगा होता, घाई केली. मी आयुष्यभर म्हाताऱ्या-कोताऱ्या माणसांना सांभाळून आणलंय. सावकाश चालतो. तिला दम लागतो म्हणून मध्ये थांबतो. पहिल्यांदा ती पिठाच्या गिरणीपर्यंतच आली. मग बसस्टँडपर्यंत. काल गल्लीच्या तोंडापर्यंत आली, अपू. मी वळलो नाही. मानेला जणू दवाखान्यातला पट्टाच घातलाय.

डॉक्टरकडे गेलो होतो. त्याने गोळ्या दिल्या. घेतो म्हण.

एक विचारायचं होतं. आरशात बघितलेलं चालतं का? म्हणजे मान न वळवता. छोटा आरसा खिशात राहील. तुझ्या पुस्तकात बघून लगेच कळव.

मामा


नांदेड
९ डिसेंबर

मामा,

आरशाचं विचारलंत म्हणून सांगते. त्यांच्याच दुसऱ्या गोष्टीत पर्सियस नावाचा वीर आहे. जिच्याकडे बघताच माणसाचा दगड होतो त्या मेदुसेचं डोकं तो ढालीत तिचं प्रतिबिंब बघून उडवतो. आरसा तिथे मारायला कामी आला. कुणाला घरी आणायला नाही. आरसा ठेवू नका.

आणि हे चालणंही बंद करा. मी ती गोष्ट तुम्हाला धीर यावा म्हणून सांगितली होती, करून बघायला नव्हे. तिचा शेवट मी मुद्दामच गाळला होता, तो आता सांगते. ती गेल्यावर त्याने खाणं सोडलं, माणसं सोडली, रानावनात तिचंच नाव घेत फिरला आणि फार वाईट मेला. वेड्या झालेल्या बायकांनी त्याला फाडला. त्याचीही चित्रं आहेत. ती मी तुम्हाला पाठवणार नाही.

मामी गेली, मामा. मला हे लिहिताना रडू येतंय, पण ती गेली. तुम्ही ज्या रस्त्याने चालता तो हायवेचा फाटा आहे. तिथे गाड्या कशा चालतात हे मी ड्रायव्हरला काय सांगू? उत्तर लगेच पाठवा.

अपू


मुरुड
४ जानेवारी २०२५

अपूर्वाताई,

मी उज्वला. तुमचे दोन फोन आले तेव्हा आबा समोर बसले होते, म्हणून मी "सगळं बरं हाय" म्हणाले. काही बरं नाही. तुमचं पत्र आबांनी वाचलं आणि घडी घालून ठेवलं. उत्तर द्यायचं नाही म्हणाले, "पोरगी भ्याली."

ते रोज ओढ्यापर्यंत जातात आणि रस्त्याच्या मधून येतात. कडेला खड्डे आहेत, "तिला ठेच लागल" म्हणतात. परवा मागून सोयाबीनचा टेम्पो आला. त्याने हॉर्न मारमार मारला. यांना ऐकू येत नाही, आणि वळून तर बघायचंच नाही. टेम्पोचा आरसा लागून कोपर फुटलं. टेम्पोवाला खाली उतरून शिव्या द्यायला लागला, "म्हाताऱ्या, मरायचंय का?" तरी आबांनी मान वळवली नाही. रक्त गळत तसेच चालत आले. दारात आल्यावर मला म्हणाले, "तिला लागलं न्हाई ना बघ."

मी बघितलं, ताई. बाहेर कोणी नव्हतं. पण मी बघितलं.

दयानंद त्यांच्या मागून चालायला लागले तर आबा भर रस्त्यात ओरडले, "तिच्या जागी चालू नगंस!" पुढून चाललं तर चालतं म्हणतात. पण मागून येणारी गाडी पुढच्या माणसाला काय दिसणार? घरात कोंडून ठेवलं तर दिवसभर दाराला डोकं लावून उभे राहिले. गोळ्या उशीच्या खोळीत सापडल्या.

आता आबा म्हणतात, सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्यात, आत यायला लाजतात. सवाशीण गेल्या, सवाशीणच परत येणार. म्हणून संक्रांतीला संध्याकाळी त्यांना घरात घ्यायचं ठरवलंय. मी ताट घेऊन दारात उभं राहायचं आणि ओवाळून आत घ्यायचं. नव्या नवरीला घेतात तसं. ताई, मी कुणाला ओवाळू? समोर कोणी नसलं तर आबांचं काय होईल, आणि असलं तर माझं काय होईल? हल्ली दार लावताना माझाही हात थांबतो. बाहेर कुणाला तरी ठेवून दार लावतेय असं वाटतं.

आबा फक्त तुमचं ऐकतात. काहीतरी लिहा. रागावून लिहू नका, रागावलं की ते घडी घालून ठेवतात.

उज्वला


नांदेड
८ जानेवारी

प्रिय मामा,

मी रागावलेली नाही. आईच्या पायाचं प्लास्टर सुटलं असतं तर पत्राऐवजी मीच आले असते. हे स्पीडपोस्टाने पाठवते आहे. चालायला जाण्याआधी पूर्ण वाचा, एवढंच मागणं.

तुमच्या पत्रांनंतर मी माझा प्रबंध पुन्हा वाचायला घेतला. अख्खं प्रकरण त्या ऑर्फियसच्या मानेवर आहे. कोणत्या शतकात ती कशी वळलेली दाखवली, चेहऱ्यावर पश्चात्ताप किती, उजेड कुठून पडलाय. युरिडिसीबद्दल चार ओळी. मग सगळे प्रिंट जमिनीवर पसरले आणि पहिल्यांदा फक्त तिच्याकडे बघत गेले. एका चित्रात ती ओढत नेल्यासारखी तिरपी झालीय. एकात डोळे मिटलेले. एका जुन्या संगमरवरी शिल्पात तिघं उभे आहेत. तो वळलाय, तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवलाय, आणि तिला परत न्यायला आलेल्या देवदूताने तिचा दुसरा हात हलकेच धरलाय. कुणी ओढत नाही, कुणी रडत नाही. ती त्याची समजूत घालतेय असं मला वाटलं. सर म्हणतील, हे तुझ्या मनचं आहे. असू दे.

मामा, त्याने गाणं म्हटलं, राजाला पाझर फोडला, अट मान्य केली. या सगळ्यात तिला कुणी विचारलंच नाही, की बाई, तुला यायचंय का?

लातूरच्या दवाखान्यात मामीजवळ मी होते आणि तुम्ही होतात. डॉक्टरांनी आणखी एकदा सलाईनमधून औषध द्यायचं म्हटलं आणि तुम्ही हो म्हणालात. तेव्हा ती तुम्हाला म्हणाली, "अहो, आता सोडा की मला." तुम्ही म्हणालात, "काय?" ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. तुम्ही पुन्हा म्हणालात, "काय?" तिसऱ्यांदा तिने भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा मला वाटलं, ऐकू आलं नसेल. आता तुम्ही म्हणता, पाय ओढल्याचा आवाजही तुम्हाला ऐकू येतो. आणि बघा, तुम्ही तिला चालवता आहात. रोज, त्या दुखऱ्या पायांनी, ओढ्यापासून घरापर्यंत.

त्यांची रीत तुम्ही अर्धीच घेतलीत. वळून बघितलं की ती जाते, हाही त्याच रीतीचा भाग आहे. तुम्हाला ते नको आहे, मला कळतं. मलाही नको आहे. पण तिला एकदा विचारा. आणि मग वळा, मामा.

तुमची,
अपू


मुरुड
१६ जानेवारी

चि. अपू,

तीळगूळ घे. उज्वलाने वड्या पाठवल्यात, पाकिटात चुरा झाला असेल.

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की फेकून दिलं. म्हटलं, पोरगी चार बुकं काय शिकली, मामाने बहिरेपणाचं सोंग घेतलं म्हणते. दिवसभर उज्वलाशी बोललो नाही, दयानंदशी बोललो नाही. जेवायला बसलो आणि ताट सरकवून उठलो. ऐकू आलं होतं गं. दोन्ही वेळा ऐकू आलं होतं.

संक्रांतीला ओढ्यावर गेलो. नेहमीसारखा निघालो. मागे पावलं होतीच. त्या दिवशी मी ती नीट ऐकली. एक पाय पडायचा, मग दुसरा घासत यायचा, मग थांबायची. मी आपला खूश, की आली, आली. ती किती कण्हत असेल ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गल्लीत बायका हळदीकुंकवाला निघाल्या होत्या, सगळ्या काळ्या साड्यांत. दारात उज्वला ताट घेऊन उभी. मी उंबऱ्यापुढे थांबलो. मागे ती थांबली. मी विचारलं, "सिंधे, तुला आत यायचंय का?"

उत्तर नाही. मी म्हटलं, "काय?" तिला सवय होती, दुसऱ्यांदा सांगायची. नाही सांगितलं. मग मी वळलो.

मला वाटलं होतं तिचं तोंड दिसेल. तू लिहिलेल्या त्या चित्रातल्यासारखं, मागे ओढली जाताना. रडत असेल असं वाटलं होतं. तसलं काही नाही. पाठ दिसली. जाताना नेसवलं होतं ते हिरवं पातळ, आणि ती गल्लीच्या तोंडाकडे चाललेली. मी हाक मारली. "सिंधे!" म्हणून ओरडलो, दोन बायका दचकून बाजूला झाल्या. ती वळली नाही. आणखी एकदा ओरडलो. नाही वळली. अपू, खरं सांगतो, त्या वेळी मला तिचा राग आला. एवढा संसार केला, एकदा तरी बघायचं होतं.

दयानंद म्हणतो, "हिरव्यात कोणीच नव्हतं, आबा." उज्वलाला विचारलं, तुला दिसली का? ती म्हणाली, "न्हाई." पण ताट तिने आधीच खाली ठेवलं होतं आणि पदर डोक्यावर घेऊन उभी होती. मी जास्त विचारलं नाही.

ओढ्यावर आता जात नाही. दयानंद मला सकाळी शाळेच्या मैदानावर नेतो, तिथे गोल गोल चालतो, मागे कोणी नसतं. गोळ्या घेतोय, खरोखर. तू तुझं पुस्तक पुरं कर. त्यात तिच्याबद्दल चारपेक्षा जास्त ओळी लिही.

आणि एक तुला सांगायचं राहिलं, ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. ती पाय ओढत नव्हती. भिंत धरत नव्हती. भराभर चालत होती, लग्न होऊन आली तेव्हा पाण्याला जायची तशी, मला धावूनही गाठता आली नसती. तिला काही दुखत नव्हतं, अपू. एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

मामा